हापूसचं झाड कॅलेंडर बघत नाही

मार्च उजाडला की मुंबई-पुण्याच्या ओळखीच्यांचे फोन सुरू. "पेटी कितीला? एवढी महाग का हो?" उत्तर ठरलेलं, "हवामान!" आणि विषय तिथेच संपतो. पण झाडाच्या आत काय बिघडतं ते एकदा समजून घ्या.

हापूसला मोहोर यायला जून पानं आणि रात्रीचा गारवा, दोन्ही लागतं. गारवा लागला की जून पानांत मोहोराचा संकेत तयार होतो, तो शेंड्याच्या डोळ्यापर्यंत पोचतो. त्याआधी पाऊस थांबून जमीन सुकली, झाडाला ताण बसला, तर काम आणखी सोपं. पण पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की? ओल आहे, हवा उबदार आहे, झाड मोहोर सोडून तांबूस पालवी काढतं. ती जून व्हायला काही महिने जातात. तोवर थंडी निघून गेलेली असते.

बरं, थंडी लांबली तरी पंचाईतच. पहिल्या मोहोराला कणी धरलेली असताना त्याच काडीवर दुसरा मोहोर येतो. अन्न तिकडे वळतं आणि आधीचं वाटाण्याएवढं फळ गळून पडतं. हा पुनर्मोहोर. पाहुणे फुललेल्या झाडाचे फोटो काढतात, बागायतदार कपाळाला हात लावतो.

त्यातून वाचलेलं फळ मार्चच्या उन्हात सापडतं. पानं पाणी राखायला रंध्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न बनणं मंदावतं, फळ पोसत नाही. शिवाय उन्हाकडची फळं भाजतात ती वेगळीच.

आता विम्याचं बघा. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती मंडळातल्या केंद्रावरच्या पाऊस-तापमानावर. खाडीकाठची बाग आणि वर सड्यावर कातळ फोडून लावलेली बाग, दोघींना एकच आकडा! किती काड्यांना मोहोराऐवजी पालवी आली, किती कणी गळली, हे त्या यंत्राला दिसणार कसं?

माझं म्हणणं एवढंच, की केंद्रं गावागणिक हवीत, आणि ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला पालवी, मोहोर, गळ यांची नोंद कृषी सहाय्यकांनी बागेत येऊन करावी. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडतोय. आपापल्या बागेतले फोटो तारखेसकट कमेंटमध्ये टाका, सोबत जोडायला उपयोगी पडतील.