हुन्नर उस्तादाच्या हाताखालीच येतो

कपड्याची पारख नुसत्या नजरेने होत नाही. कपडा चिमटीत धरावा लागतो, आणि ती चिमूट जुन्या व्यापाऱ्याच्या गादीशेजारी बसूनच तयार होते. कार्टून फिल्मच्या, म्हणजे ॲनिमेशनच्या धंद्यालाही हाच कायदा लागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा धंदा आपल्याकडे कसा रुजला ते पाहा. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभागातील मुलांना तालीम देण्यासाठी डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. 'बांबी'सारख्या चित्रपटावर काम केलेला हा कसलेला कारागीर. त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर त्यांनी १९९२ चा 'रामायण' चित्रपट केला आणि २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका उस्तादावर केलेला खर्च किती वर्षे नफा देत राहिला, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

लंडनचे रिचर्ड विल्यम्स तर स्वतः स्टुडिओचे मालक. तरीही १९७३ साली त्यांनी डिस्नेतील जुने कलाकार आर्ट बॅबिट यांना बोलावले आणि आपल्या माणसांबरोबर स्वतःही शिकायला बसले.

कोणी म्हणेल, आता काम संगणकावर होते, मग उस्ताद कशाला? अहो, संगणक म्हणजे माग. माग कापड विणतो, नक्षी सुचवत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे धावतात. पण जड पोते उचलणाऱ्याचे गुडघे आधी वाकतात, खांदा झुकतो, चेहरा ताणतो, हे बटण सांगत नाही. "इथे पायावर वजन आलेले नाही, पुन्हा कर," असे म्हणणारा जाणकार लागतो.

अमेरिकेत २००५ साली स्टुडिओत काम करणाऱ्या तीन कलाकारांनी 'ॲनिमेशन मेंटॉर' ही शाळा इंटरनेटवर काढली. शिकवणारे स्टुडिओतले, शिकणारा आपल्या घरी. म्हणजे मालेगावच्या मुलालाही दार उघडे आहे. फी मात्र जड आहे.

म्हणून पालकांना विनंती, कर्ज काढून फी भरण्यापूर्वी विचारा: शिकवणाऱ्याने कोणत्या चित्रपटावर काम केले? मुलाचे काम दर आठवड्याला कोण तपासणार? सर्टिफिकेटशिवाय स्टुडिओत दाखवण्याजोगे काय हाती येणार? आणि आपल्या स्टुडिओमालकांनीही जुन्या कलाकारांना आठवड्यातून दोन तास शिकवण्यासाठी मोकळे करावे. त्यात तोटा नाही.

कापडाचे ठाण घेताना आपण ते दहा वेळा उलगडून पाहतो. मग मुलाची उमेदीची वर्षे स्वाधीन करताना एवढी चौकशी नको का?