बॉक्साइटांतील ॲनाटेज

ॲल्युमिनियमचें पातेलें घरोघर आहे. पण ज्या बॉक्साइटांतून तें येतें, त्या दगडाची ओळख थोड्यांसच असते. आमच्या भुईगावच्या रेताड किनाऱ्यास तो मिळावयाचा नाहीं; त्याकरितां कोल्हापूरकडील राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर जावें लागतें. तेथें काळा कातळ युगानुयुगें पावसांत कुजला, सिलिका वाहून गेली, आणि ॲल्युमिनियम, लोह व टायटॅनियम मागें राहिलीं.

या टायटॅनियमचा बराच भाग ॲनाटेज नांवाच्या खनिजांत असतो. त्याचे कण इतके बारीक कीं, साध्या भिंगास दिसूं नयेत. परंतु कॉस्टिक सोड्यानें ॲल्युमिना काढण्याची जी रीत बायर यांनीं १८८८ च्या सुमारास घालून दिली, तींत हे कण बरीच अडवणूक करितात. ते सोडा खातात, आणि ॲल्युमिनियमच्या कांहीं चिवट खनिजांवर पुट चढवून त्यांस विरघळूं देत नाहींत. रूटाइल हें ॲनाटेजाचेंच सहोदर, घटक तेच. पण उपद्रव पुष्कळ कमी. तेव्हां टायटॅनियम किती, एवढ्यानें भागत नाहीं. तें कोणाच्या घरीं राहातें, हें समजावें लागतें.

म्हणून प्रयोगशाळेंत, वेदान्ती एकेक उपाधि दूर सारतो तसें, ॲनाटेज सोडून बाकी सारें काढीत जातात. प्रबळ लोहचुंबकानें इल्मेनाइट ओढून घ्यावें; कॉस्टिक सोड्यांत उकळून गिब्साइट व चिकणमाती विरघळवावी; मग सोडियम डायथायोनाइटानें लोहाचा तांबडेपणा उतरवावा. भुकटी पांढुरकी झाली कीं विद्यार्थ्यास धन्यता वाटते. येथेंच फसगत आहे! विरघळलेली चिकणमाती सोडालाइट होऊन पुन्हा तळाशीं बसते. म्हणजे दगडांत मुळीं नव्हतेंच असें खनिज चंचुपात्रांत जन्मास येतें. तें सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानें धुवावें लागतें. घाईनें भट्टींत तापविल्यास तर अनर्थच. सुमारें ६०० अंशांपुढें ॲनाटेजाचें रूटाइल होऊं लागतें, आणि रासायनिक पृथक्करणास तो पालट दिसत नाहीं. क्ष-किरणांनीं तो उघड होतो.

केवळ ॲल्युमिनियमच्या संशोधनास वाहिलेलें एक केंद्र नागपुरास आहे. विज्ञानाकडे वळणाऱ्या आमच्या वाचकांच्या मुलांनीं त्याची माहिती अवश्य मिळवावी.

आमच्या मतें या कामांतील खरा कस शेवटच्या, कंटाळवाण्या पायरीस लागतो. शुद्ध ॲनाटेज तोलून घ्यावें, त्याच सोड्यांतून व त्याच आम्लांतून न्यावें, आणि पुन्हा तोलावें. वजन घटलें, तर दगडांतलेंही त्याच प्रमाणांत धुण्यांत गेलें असें समजून हिशेब नव्यानें मांडावा.