गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: उपचार दवाखान्यात, हाल वस्तीत

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरत चालला असेल तर बाईला रेडिएशन द्यावे लागते. आठवड्यातून 5 दिवस, साधारण 5 आठवडे. सोबत बहुधा दर आठवड्याला केमो, आणि शेवटी काही वेळा आतून रेडिएशन. हे सगळे 8 आठवड्यांत पुरे व्हायला हवे. लांबले तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात. तरीही वस्तीतल्या बाया मध्येच उपचार सोडतात. कारणे आम्हाला घराघरांत दिसतात.

पहिले कारण संडास. रेडिएशनने जुलाब लागतात, लघवीला जळजळ होते. सार्वजनिक संडासाची रांग टाळायला बाई पाणी पिणेच कमी करते. मग जळजळ वाढते, अशक्तपणा येतो. तिला रांगेत पुढे जाऊ द्या, रात्री सोबत जा. पाणी, ताक, ओआरएस तिच्या हाताशी ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरे कारण विटाळ. काही घरांत तिचे ताट-तांब्या वेगळा होतो, नातवंड जवळ जाऊ देत नाहीत. बाहेरून दिलेले रेडिएशन अंगात राहत नाही आणि कॅन्सर शिवल्याने लागत नाही. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. त्यांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात आजारी बाईचा तांब्या वेगळा असेल, तर आपण नेमके काय सोडले? तिच्या चारित्र्यावरही बोलू नका. या आजारामागचा एचपीव्ही विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो.

तिसऱ्या गोष्टीवर कोणी बोलतच नाही. रेडिएशनने पाळी थांबते, अंगातून गरम वाफा येतात, अंगावरून जाण्याची जागा कोरडी आणि अरुंद होते. नवरा जवळ आला की दुखते. ती सांगत नाही, तो रागावतो, घर मोडते. यावर उपाय आहेत: डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम, डायलेटर, आणि नवऱ्याचा धीर. संबंधातून नवऱ्याला कॅन्सर होत नाही. पण तिला दुखत असताना जबरदस्ती हा अत्याचारच आहे. आमची मागणी आहे की रेडिएशन सुरू करण्यापूर्वीच नर्सबाईने हे नवरा-बायकोला मराठीत समजावून सांगावे. ही दवाखान्याची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.

बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. म्हणून विहारातल्या महिला मंडळांनी तिच्या 25 फेऱ्या वाटून घ्याव्यात: एकीने सोबत जावे, एकीने तिच्या घरी भाकरी टाकावी. दवाखान्याच्या दाखल्यावर कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, ती मागून घ्यावी.

ती वाचली का, एवढेच विचारून थांबू नका. ती जेवते का, झोपते का, तिच्याशी कोणी बोलते का, हेही विचारा.

जय भीम!