काडीमोड झाला, हिशेब राहिला

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पोटगीविषयीचे दोन निकाल पाठोपाठ आले. एकात रक्कम पाच कोटी, दुसऱ्यात बारा कोटी. आकडे आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले आणि 'बायका लुटतात', 'नवरे लपवतात' ही नेहमीची जुगलबंदी झाली. बारा कोटींच्या निकालात न्यायालय काय म्हणाले, ते मात्र कोणी पुढे पाठवले नाही. पोटगी म्हणजे नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी नव्हे. उद्या तो कंगाल झाला तर हीच बरोबरी मागाल का, असा प्रश्नच न्यायालयाने केला.

धार-देवासच्या घरांत प्रश्न कोटींचा नसतोच. पिथमपूरची नोकरी, इंदूरला हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट, सासऱ्यांच्या नावावरचे जुने घर आणि लग्नातले दागिने, एवढाच पसारा. भांडण यातूनच उभे राहते. मुलीकडचे 'अर्धे द्या' म्हणतात. पण असा अर्धा वाटा गोव्यात मिळतो, तिथला जुना पोर्तुगीज कायदा वेगळा आहे. आपल्याकडे तसे नाही. सासऱ्यांच्या घरात तिला राहण्याचा हक्क मिळू शकतो, मालकी नाही. दागिने मात्र स्त्रीधन; ते तिचेच, पोटगीच्या रकमेत धरायचे नाहीत. अडचण अशी की यादी कोणी केलेली नसते.

फ्लॅटचे तर विचारूच नका. 'हप्ते नवरा भरेल' असे करारात लिहिले तरी बँकेला त्याचे बंधन नाही. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता चुकल्यावर नोटीस दोघांनाही येते. कर्ज एकाच्या नावावर करून घ्या किंवा फ्लॅट विकून मोकळे व्हा, आणि तेही सह्या करण्याआधी.

उत्पन्न लपवण्याचा खेळ आता पूर्वीइतका सोपा नाही. 'राजनेश विरुद्ध नेहा' या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली जाते. कमावत्या बायकोलाही आपला पगार लिहावा लागतो, हे सांगितले की बैठकीत एकदम शांतता पसरते.

आपल्यातली वडीलमंडळी मध्ये पडून साध्या कागदावर 'सर्व देणेघेणे मिटले' असे लिहून घेतात. हेतू चांगला असतो. देवासने थोरल्या आणि धाकट्या पातीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तेव्हा वाटणीचे शहाणपण आपल्याला नवे नाही. पण मुलाच्या पोटगीचा हक्क आईच्या सहीने सुटत नाही, हे त्या कागदात येत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी महिना दहा हजार ठरतात आणि तो कॉलेजात गेला तरी दहाच राहतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीला महिना पन्नास हजार देताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढही लिहून दिली. आपल्या कागदांत वाढीची ही ओळ मी अजून पाहिलेली नाही.