गांवचें चित्रपटगृह

शाळेच्या वार्षिक अंकांत सिनेमागृहाची तरफदारी झालेली पाहून कांहीं पालकांच्या भुंवया उंचावतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि आमचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें आणि मग दोष द्यावा, एवढीच त्यांस विनंती आहे.

घाटावर सुगी आटोपली कीं जत्रांतून फिरत्या सिनेमाचे तंबू उभे राहत. आमच्या कोंकणांत चार महिने पावसाची धार तुटत नाहीं. तंबूच्या आसऱ्यानें येथें बारमाही खेळ चालणें अशक्य. म्हणूनच पक्क्या भिंतींच्या चित्रपटगृहाचें आपल्यासारख्या गांवास मोठें अप्रूप. पण तेथेंही नवा बोलपट लवकर येत नसे. फिल्मची हजार फुटांची गुंडाळी पडद्यावर अवघीं अकरा मिनिटें चाले. अडीच तासांच्या चित्रपटास अशा सुमारें चौदा गुंडाळ्या लागत. प्रती खर्चाच्या, म्हणून मोजक्याच निघत, आणि मोठ्या शहरांची हौस फिटल्यावर त्या लहान गांवीं पोंचत. पुढें दूरदर्शन, व्हिडिओ व केबल हीं घरांत शिरलीं, आणि ठिकठिकाणीं जुन्या चित्रपटगृहांच्या दारांस कुलुपें लागलीं.

अशीं कुलुपें पुन्हां निघतात काय? पुण्याचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. आंबा घाटापलीकडील कोल्हापुरांत १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिनेंच १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, आणि १९३३ मध्यें ती पुण्यास गेली. पुढच्याच वर्षीं अप्पा बळवंत चौकानजीक, इंदूरच्या किबे घराण्याच्या जागेंत, ‘प्रभात’ चित्रपटगृह सुरू झालें. कंपनी १९५३ मध्यें बंद पडली. चित्रपटगृह मात्र त्यानंतरही साठ वर्षें मराठी चित्रपटांचें माहेरघर म्हणून नांदलें. २०१४ च्या अखेरीस जागा मूळ मालकांकडे परत गेली, तेव्हां आतां तेथें दुकानेंच उठणार, अशी अनेकांस धास्ती वाटली. परंतु मालकांनीं तें चित्रपटगृहच राखलें, आणि २०१५ मध्यें ‘किबे लक्ष्मी’ या नांवानें त्याचे दरवाजे पुन्हां उघडले.

आमच्या मतें यांतील बोध असा. मालकानें जागा राखली, हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें प्रेक्षकांचें. रंग, नवा पडदा, मऊ खुर्च्या हीं पैशानें मिळतात. भरलेल्या खुर्च्या मिळत नाहींत. आज संगणकीय तंत्रामुळें गुंडाळ्यांची वाट पाहणें संपलें आहे. मुंबईस लागलेला चित्रपट त्याच दिवशीं लहान गांवांतही दाखवितां येतो. जुनी मोठी अडचण दूर झाली असतां आम्हीच घरीं बसून राहिलों, तर दोष कोणाचा?

एके काळीं वडीलधारी मंडळी म्हणत, ‘सिनेमानें मुलें बिघडतात.’ आज प्रत्येक मुलाच्या हातांत मोबाईल आहे. तो काय पाहतो, हें शेजारीं बसलेल्या आईसही ठाऊक नसतें. चित्रपटगृहांत निदान सारें घर एकाच पडद्याकडे पाहतें. तेथें वकील आणि मासळी विकणारी बाई एकाच विनोदास हंसतात, आणि परततांना वाटेवर बापलेकांत चार शब्दांची चर्चा होते. ही संगत आम्हांस मोलाची वाटते.

तिकिटांचा खर्च चौघांच्या कुटुंबास जड जातो, हें खरें आहे. म्हणून आमची एक सूचना आहे. सकाळच्या खेळास पुष्कळ खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि रिकामी खुर्ची मालकास एक पैसाही देत नाहीं. चित्रपटगृहाच्या चालकांनीं व शाळांनीं मिळून अशा वेळीं विद्यार्थ्यांसाठीं व पालकांसाठीं अल्प दरांत निवडक मराठी चित्रपट लावावे. अभ्यास बुडवून कोणीं जावें, असें आम्ही म्हणत नाहीं. सुटींत दोन-तीन वेळां, आईवडिलांसह जावें.

चित्रपटगृहाचा दरवाजा मालक उघडतो खरा. पण तो उघडा राहणें गांवाच्या हातीं आहे. बंद झाल्यावर हळहळण्यापेक्षां चालू आहे तोंवर तिकीट काढावें, हें बरें.