रस्ता कुणी कुणाला द्यायचा?

आमच्या शहरात नाल्याच्या कडेने पालिकेने चालण्यासाठी एक पट्टा बांधला आहे. पहाटे साडेपाचपासून तिथे वर्दळ असते. निवृत्त कर्मचारी चालतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी धावतात, हेल्मेटवाले सायकलस्वार येतात, रात्रपाळी संपलेले वॉचमन सायकलवरून घरी जातात आणि सफाई कामगार भगिनी झाडू मारत असतात. मागच्या थंडीत तिथे माझ्या डोळ्यांदेखत एक प्रकार घडला. एक सायकलस्वार भरधाव आला. घंटी नाही, ब्रेक नाही. "ए, बाजूला हो!" असे खेकसत तो एका झाडणाऱ्या बाईंच्या अंगाला घासून गेला. त्या कठड्यावर आदळल्या, कोपर फुटले. तक्रार करू या, असे मी म्हणालो. "जाऊ द्या वकीलसाहेब, आपणच बाजूला व्हायला पाहिजे होतं," एवढेच त्या बोलल्या.

कोपराची जखम भरून येईल. पण हे "आपणच बाजूला व्हायला पाहिजे" कुठून आले?

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे, असा दंडक होता. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्याची नोंद करून ठेवली आहे. त्या मनुवादी व्यवस्थेचा वाहतुकीचा नियम एकच होता : खालच्याने वरच्याला वाट द्यायची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती सार्वजनिक जागा सर्वांची आहे हे सिद्ध करण्यासाठी. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आला, तो काही सहज आलेला नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करताना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल चालवण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे, असे स्पष्ट लिहावे लागले. सायकलवर बसण्यासाठीसुद्धा ज्या समाजाला कायद्याचा आधार लागतो, त्याने "धावणे-सायकलिंग हे साहेब लोकांचे चोचले, आपल्याला काय त्याचे" असे म्हणू नये.

जुना नियम मोडायचा तर नवा नियम हवा. तो असा : ज्याच्याकडे वेग जास्त, वजन जास्त, त्याने थांबायचे. मोटारीने सायकलला जपायचे, सायकलने धावणाऱ्याला, धावणाऱ्याने चालणाऱ्याला आणि सर्वांनी मिळून लहान मूल, म्हातारे माणूस, अपंग व काम करणारा कामगार यांना.

व्यवहारात हे अवघड नाही. सायकलवाल्याने डाव्या बाजूने चालावे, दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करून उजवीकडून पुढे जावे. गर्दी असेल तर खाली उतरून सायकल हातात धरावी. अंधारात पुढे दिवा, मागे लाल दिवा हवाच. धावणाऱ्यांनी तिघा-चौघांची रांग करून वाट अडवू नये. दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत. थांबायचे किंवा वळायचे असेल तर आधी मागे पाहावे. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर ही पोलीस भरतीची धाव. तिच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतली आपली मुले मैदान नाही म्हणून अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांनी फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि पदपथ नसेल तिथे समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने धावावे.

कायद्याचे दोन शब्द. सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना नाही, विमा नाही. त्यामुळे सायकलने जखमी झालेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मिळत नाही. त्याला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. पण म्हणून सायकलवाला मोकळा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्या प्रत्येकाला लागू होते, त्यात सायकलही आली. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मात्र खरे दुखणे याहून खोल आहे. धावणारा आणि सायकलवाला एकमेकांवर का धावून जातात? कारण रुंद रस्ता मोटारींना देऊन उरलेली चिंचोळी पट्टी या सर्वांच्या अंगावर फेकलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आपल्या वस्तीजवळचा पदपथ एकदा टेप लावून मोजून पाहा! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे. तेव्हा दुबळ्यांनी आपापसात भांडण्याऐवजी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा : सायकलींसाठी वेगळा पट्टा, चालणाऱ्यांसाठी वेगळा पदपथ आणि भरतीच्या पोरांसाठी मैदान.

आणि हा अर्ज देताना आपलेही वर्तन तपासावे. १४ एप्रिलला ठिकठिकाणी सायकल रॅली निघतात. निळा झेंडा लावलेल्या सायकलने एखाद्या आजीला धक्का दिला, तर तो अपमान कुणाचा? पंचशीलातले पहिले शील विहारात म्हणायचे आणि रस्त्यावर विसरायचे, हे धम्माचे आचरण नव्हे. बंधुता ही संविधानाच्या उद्देशिकेत आहे. ती रोज पहाटे त्या अरुंद पट्ट्यावरही दिसली पाहिजे.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर मी त्यांना एवढेच सांगणार आहे : ताई, बाजूला तुम्ही व्हायचे नव्हते. थांबायचे त्याने होते.

जयभीम!