पटावरील पर्वत

“हा पर्वत काय देतो?” असें आम्हीं नातवास विचारलें, तेव्हां पडद्यावरून दृष्टि न काढतां तो उत्तरला, “दहा सोनें, आजोबा. पण मी स्पेनचा राजा, म्हणून वीस.” पर्वताचें नांव पोटोसी, खेळाचें ‘सिव्हिलायझेशन’. १९९१ पासून चालत आलेला हा संगणकावरील खेळ ज्या वाचकांस ठाऊक नसेल, त्यांनीं तो एक अवाढव्य सारीपाट समजावा. नगरें वसवून सहा हजार वर्षें राज्य चालवावयाचें. २०१० च्या पांचव्या आवृत्तींत सृष्टीचीं आश्चर्येंही या पटाच्या षट्कोणी घरांत आलीं. नगराच्या कक्षेंतील अशा घरावर एक नागरिक कामास नेमला, कीं राजास सोनें, विद्या, संस्कृति वा श्रद्धा यांपैकीं कांहीं लाभतें.

पृथ्वीवर डोंगर अगणित, पटावर स्थानें मोजकीं. मग मान कोणास द्यावा? उंचीस म्हणावें, तर ८,८४८ मीटरांचें एव्हरेस्ट या आवृत्तींत नाहींच. तें २०१६ च्या सहाव्या आवृत्तींत आलें. ६,६३८ मीटरांचा कैलास मात्र २०१२ च्या पुरवणींतच येऊन बसला, आणि तो श्रद्धा देतो. ही निवड आम्हांस मनापासून पटली. ज्याच्या माथ्यावर कोणी चढत नाहीं, ज्यास हिंदु, बौद्ध, जैन आणि बोन पंथाचे लोक केवळ प्रदक्षिणा घालतात, त्याची थोरवी मीटरांत कशी मावावी? स्थळानें मनुष्याकडून काय करविलें, ही आमची कसोटी.

तीस पोटोसीही उतरतो, पण निराळ्या रीतीनें. बोलिव्हियांतील या डोंगरांत १५४५ सालीं रुपें सांपडलें. पुढें टोलेडो नांवाच्या स्पॅनिश राजप्रतिनिधीनें सक्तीची पाळी लाविली: नेमून दिलेल्या प्रांतांतील मूळ रहिवाशांपैकीं करदात्या पुरुषांचा सातवा हिस्सा दरसाल खाणीकडे जावयाचा. कोणी दरडीखालीं गेले, कोणी पाऱ्यानें झिजले. खेळांत ही वजाबाकी कोठेंच नाहीं. उलट स्पेनच्या राजास लाभ दुप्पट! डोंगर पटावरून काढावा, असें आम्ही म्हणत नाहीं. वीस सोन्यांबरोबर नगराची वस्तीही घटावी, एवढेंच.

एल डोराडो आणि यौवनाचा झरा या कल्पित स्थळांस मात्र आम्ही खुशाल उठवूं. (मेरुपर्वताच्या गोष्टी वर्गांत रंगवून सांगणाऱ्या मास्तरानें हें म्हणावें, हीही गंमतच.) त्या जागीं आमचें लोणार बसवावें. अॅरिझोनांतील बॅरिंजर विवर पटावर आहेच. रुंदी सुमारें १.२ किलोमीटर, आणि तें विद्या देतें. लोणारही तसेंच आकाशांतून आलेल्या अशनीनें खोदलेलें, पण काळ्या बेसाल्टांत, आणि रुंदी सुमारें १.८ किलोमीटर. शिवाय लवणासुराची कथा आहे, दैत्यसूदनाचें मंदिर आहे. २०२० सालीं त्याचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संस्थेनें त्याचें कारण खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधून काढलें.

मग याचा लाभ विद्येच्या खात्यांत मांडावा कीं श्रद्धेच्या? आम्हीं म्हटलें, दोन्ही. नातवानें विचारलें, “पण त्या खाऱ्या पाण्यावर नगर जगेल कसें?” विवराच्या कांठावर गोड्या पाण्याची अखंड धार वाहते, हें आम्हीं सांगितलें. “मग ठीक,” तो म्हणाला, “नगर धारेपाशीं वसवूं.”

पोटोसीवरील नागरिक त्यानें अद्याप उठविलेला नाहीं.